सुभेदार रामजी : एका पित्याचे स्मरण

बाबासाहेबांचे चरित्र आम्हां सर्वांस मुखोद्गत आहे. त्यांच्या पित्याविषयी मात्र आम्ही फार थोडे बोलतो. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे महूच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. १८९६ साली साताऱ्यास पत्नी भीमाबाईंचे निधन झाले. पुढे बहीण मीराबाईंच्या आधाराने त्यांनी लेकरांचा सांभाळ केला.

मुंबईस परळच्या डबक चाळीत त्यांचे बिऱ्हाड एका खोलीचे. जागा अपुरी म्हणून भीमराव लवकर निजत. रामजी रात्री दोनपर्यंत जागून त्यांना अभ्यासास उठवीत व मगच स्वतः आडवे होत. पुस्तकास पैसे नसले की ते विवाहित लेकींकडे जात, दागिना मागून आणून गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती येताच सोडवून परत करीत. एका सुभेदारास हे किती जड गेले असेल! मंजुळा व तुळसा या भगिनींचे ऋणही आम्ही क्वचितच स्मरतो.

१९१३ च्या आरंभी भीमराव बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तोच वडिलांच्या आजाराची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरतेस उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले, तेव्हा रामजींची नजर मुलालाच शोधीत होती. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरविला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३.