टाइपमुक्त आणि टाइपबद्ध : अलोन्झो चर्च

अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च यांचा जन्म १४ जून १९०३ रोजी वॉशिंग्टन येथे झाला. प्रिन्स्टन विद्यापीठातून १९२७ मध्ये डॉक्टरेट मिळवून १९२९ पासून ते तेथेच शिकवू लागले. फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये टाइप आधीच तपासावेत की प्रोग्रॅम चालताना, हा वाद आजही रंगतो. त्याच्या दोन्ही बाजूंचे मूळ या एकाच माणसाच्या कामात सापडते.

गणिताला नवा तार्किक पाया देण्यासाठी चर्च यांनी १९३२ मध्ये एक पद्धती मांडली. तीत कोणतेही फंक्शन कशालाही, अगदी स्वतःलाही, लावता येत असे. ही मोकळीक अंगाशी आली. क्लीनी आणि रॉसर या त्यांच्याच शिष्यांनी १९३५ मध्ये ती पद्धती विसंगत असल्याचे सिद्ध केले. चर्च यांनी तर्काचा भाग वगळून गणनेचा भाग तेवढा राखला. तोच लॅम्डा कॅल्क्युलस! त्याच्या बळावर १९३६ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की प्रत्येक तार्किक विधानाचा निवाडा करणारी यांत्रिक रीत असूच शकत नाही. अॅलन ट्युरिंग स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर आले आणि पुढे चर्च यांच्याच हाताखाली डॉक्टरेट झाले.

१९४० मध्ये चर्च यांनी प्रत्येक पदाला टाइप जोडला. फंक्शन स्वतःलाच लावणे आता नियमबाह्य ठरले. त्यामुळे प्रत्येक गणना संपणार याची हमी मिळाली. पण मूळ पद्धतीत करता येणाऱ्या असंख्य गणना हातच्या गेल्या. सारा सौदा इथेच आहे.

जॉन मॅकार्थी यांच्या १९५८ च्या लिस्पने लॅम्डाची खूण घेतली, टाइपची तपासणी मात्र प्रोग्रॅम चालण्याच्या वेळेवर सोपवली. रॉबिन मिल्नर यांनी १९७० च्या दशकात एडिंबरा येथे घडविलेली एमएल भाषा न लिहिलेले टाइपही स्वतः ओळखते. तिने पुनरावृत्तीला मुभा दिली आणि गणना संपण्याची हमी सोडली. आज क्लोजर की हॅस्केल, अर्लांग की ओकॅमल, असा प्रश्न पडणारा प्रोग्रॅमर हाच सौदा नव्याने करीत असतो. अनेक हातांनी वर्षानुवर्षे बदलला जाणारा प्रोग्रॅम असेल, तर आधीच्या तपासणीचे पारडे जड ठरावे; प्रश्नच अजून चाचपडत असताना मोकळीक बरी.

चर्च यांनी १९३६ मध्ये सुरू झालेल्या 'जर्नल ऑफ सिम्बॉलिक लॉजिक'मधील परीक्षणांचे संपादन १९७९ पर्यंत केले. १९६७ मध्ये ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले आणि १९९० पर्यंत तेथे शिकवीत राहिले. ११ ऑगस्ट १९९५ रोजी ओहायोतील हडसन येथे त्यांचे निधन झाले.