अहिल्याबाई होळकर

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात आहे. त्यांचे वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. त्या काळी मुलींना कोणी शिकवत नसे, पण वडिलांनी त्यांना लिहायला वाचायला शिकवले. १७३३ साली मल्हारराव होळकरांच्या मुलाशी, खंडेरावांशी, त्यांचे लग्न झाले. तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. म्हणजे आमच्या वर्गातल्या मुलींपेक्षाही लहान!

तो काळ मोठा धामधुमीचा होता. सारख्या लढाया चालायच्या. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, पण सासऱ्यांनी त्यांना अडवले. मग त्या सासऱ्यांच्या हाताखाली कारभार शिकल्या. १७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा मोठा पराभव झाला. १७६६ साली सासरे गेले. १७६७ साली एकुलता एक मुलगा मालेराव पण गेला. तेवढ्यात राघोबादादा फौज घेऊन चालून आले. अहिल्याबाई घाबरल्या नाहीत. त्यांनी लढायची तयारी केली. मग राघोबादादा न लढताच परत गेले.

पुढे त्या नर्मदेकाठी महेश्वरला राहिल्या. रोज पहाटे उठून त्या पूजा करायच्या. मग लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. बाहेर लढाया चालल्या तरी हे रोजचे काम चुकायचे नाही. त्यांनी विणकर आणून वसवले, म्हणून महेश्वरी लुगडी नावाजली. वाटेत भिल्ल लोक लुटायचे. अहिल्याबाईंनी त्यांनाच वाट राखायचे काम दिले आणि वाटसरूंकडून थोडा कर घ्यायची परवानगी दिली. विधवेचे धन सरकारात जमा करायची रीत त्यांनी बंद केली. ठिकठिकाणी विहिरी, घाट, धर्मशाळा बांधल्या. १७८० साली काशीचे देऊळ पण बांधले.

१७९१ साली जावई वारले आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. अहिल्याबाईंनी तिला खूप समजावले पण ती ऐकली नाही. एवढी मोठी राणी, पण तिला स्वतःची मुलगी वाचवता आली नाही. तरी नंतर त्या पुन्हा कामाला लागल्या.

आमची आजी वारली तेव्हा आई रडत होती. पण संध्याकाळी म्हैस ओरडायला लागली, तेव्हा आईच उठली आणि धार काढायला गेली. अहिल्याबाईंचे पण असेच झाले असेल असे मला वाटते.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी सत्तराव्या वर्षी त्या वारल्या. अशा या थोर राणीला माझे प्रणाम.

— इयत्ता ४ थी