पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : वैधव्यानंतरची एकेचाळीस वर्षे

जीर्णोद्धाराचा विषय निघाला की अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आपोआप ओठांवर येते. काशीविश्वेश्वराचे आजचे मंदिर त्यांनी उभारले, ते इ.स. १७८० मध्ये पूर्ण झाले. सोमनाथच्या भग्न देवालयाजवळ १७८३ साली त्यांनी नवे देऊळ बांधून पूजा पुन्हा सुरू केली. वेरूळचे घृष्णेश्वर, गयेचे विष्णुपद, काशीचे घाट, नर्मदाकाठचे घाट ही सारी नावे आपल्या गावातील यात्रा करून आलेल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ आहेत. परंतु हे सारे करणारी ही माउली रोजचा दिवस कसा काढीत असे, हे फारसे सांगितले जात नाही. खरे पाहता तिच्या देवळांचा पाया त्या रोजच्या दिवसातच होता.

नगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात चौंडी नावाचे लहानसे गाव आहे. (या जिल्ह्यास २०२४ साली अहिल्यानगर हे नाव देण्यात आले.) तेथील पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्यादेवींचा जन्म झाला. सुभेदार मल्हारराव होळकर यांनी ही मुलगी सून म्हणून पसंत केली आणि १७३३ साली त्यांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी तिचे लग्न लागले. पुढे मालेराव हा मुलगा व मुक्ताबाई ही मुलगी झाली. खंडेराव शूर होते, पण व्यसनी होते. संसार सुखाचा होता असे म्हणण्याचे धाडस करवत नाही. तरीही पती तो पतीच. मार्च १७५४ मध्ये सुरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला वेढा पडला असताना तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. त्या वेळी अहिल्यादेवींचे वय होते अवघे अठ्ठावीस.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्या सती जाण्यास निघाल्या. खंडेरावांच्या इतर स्त्रिया सती गेल्याही. मल्हाररावांनी मात्र या सुनेपुढे पदर पसरावा तशी विनवणी केली. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, तूही गेलीस तर या म्हाताऱ्याने कोणाकडे पाहावे, असा त्या विनवणीचा आशय होता. ज्याच्या एका शब्दावर हजारो घोडी दौडत, तो सेनापती सुनेपुढे रडला. अहिल्यादेवी मागे फिरल्या.

येथे जरा थांबले पाहिजे. त्या मागे फिरल्या तेव्हा त्यांना जगण्याची हौस होती असे नव्हे. दुसऱ्याने मागून घेतलेले ते आयुष्य होते. म्हणून पुढचा प्रत्येक दिवस हा आपल्या हक्काचा नसून कोणीतरी आपल्या पदरात घातलेला आहे, अशा बुद्धीनेच त्या वागल्या असे त्यांचे चरित्र वाचताना जाणवते.

मल्हाररावांनीही सुनेला कोपऱ्यात बसवून ठेवले नाही. वसुली, पत्रव्यवहार, फौजेची सामग्री, तोफखाना, सारे त्यांनी तिच्याकडे सोपविले. १७६५ सालच्या त्यांच्या एका पत्रात तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याविषयी सुनेला सूचना आहेत. विधवेचे तोंड सकाळी पाहू नये असे मानणाऱ्या काळात एका सासऱ्याने हे केले! त्यांचे हे ऋण फार मोठे आहे.

१७६६ च्या मे महिन्यात आलमपूर येथे मल्हारराव वारले. गादीवर बसलेला मालेराव वर्षाच्या आत गेला. घरात कर्ता पुरुष उरला नाही हे पाहून दौलतीवर डोळा ठेवणारे पुढे सरसावले. पण माधवराव पेशव्यांनी अहिल्यादेवींचा हक्क मानला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे आणि कारभार अहिल्यादेवींकडे, अशी व्यवस्था १७६७ साली झाली. राजधानी इंदूर सोडून त्यांनी नर्मदातीरी महेश्वर येथे राहणे पसंत केले.

महेश्वरचा त्यांचा दिवस कसा असे, याची माहिती जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने अहिल्यादेवींना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांकडून मिळवून लिहून ठेवली आहे. उजाडण्यापूर्वी तासभर अगोदर त्या उठत. स्नान, पूजा, पुराणश्रवण, मग दानधर्म. ब्राह्मणांच्या पंक्तीला स्वतः उभे राहून वाढावे, त्यानंतर आपण जेवावे. होळकरांच्या घराण्यात मांसाहाराला बंदी नव्हती, पण यांचे ताट साधे शाकाहारी. वस्त्र पांढरे आणि गळ्यात एक लहानशी माळ, एवढाच शृंगार. थोड्या विश्रांतीनंतर दरबार, तो सूर्यास्तापर्यंत. गाऱ्हाणे घेऊन आलेल्या रयतेला थेट त्यांच्यापुढे उभे राहता येई. संध्याकाळी पुन्हा पूजा आणि अल्प आहार, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कागदपत्रे. सणवार किंवा फारच निकडीचे काम सोडल्यास हा क्रम मोडत नसे. हा क्रम त्यांनी जवळजवळ तीस वर्षे चालविला. दुःख कमी होण्यासाठी त्या काही वेगळे करीत होत्या असे दिसत नाही. सकाळ झाली की कोणाला तरी वाढायचे आहे, कोणाचे तरी ऐकायचे आहे, एवढेच.

त्यांच्या दानात एक बारीक नजर होती. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी रस्त्यावर पाणपोया असत, थंडीत गोरगरिबांना वस्त्रे मिळत. महेश्वरच्या परिसरात त्यांची माणसे भर उन्हात नांगर थांबवून बैलांना पाणी पाजीत. शेतकरी पिकावर बसणारी पाखरे हुसकावतात, मग त्या पाखरांनी खावे काय? म्हणून त्यांनी उभ्या पिकाची शेते विकत घेतली आणि ती पाखरांसाठी मोकळी सोडली. भाताच्या लोंब्या भरल्यावर दिवसभर बांधावर उभे राहून पाखरे राखण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्या पालेगावच्या शेतकऱ्यांना यातील मोल समजावून सांगण्याची गरज नाही. विशेष म्हणजे शेतकऱ्याचेही त्यात नुकसान नव्हते. त्याला पिकाचे पैसे मिळत.

मंदिरांचा खर्चही असाच. दौलतीच्या तिजोरीतील पैसा वेगळा आणि होळकर घराण्यातील स्त्रियांच्या खासगी जहागिरीचा पैसा वेगळा. सासूबाई गौतमाबाई यांच्यानंतर ही खासगी अहिल्यादेवींकडे आली होती, आणि धर्मकार्याचा खर्च त्यातून होई. देऊळ बांधून झाले की काम संपले असे त्या मानीत नसत. पूजा, नैवेद्य, दिवाबत्ती आणि पुजाऱ्याचा निर्वाह यांसाठी कायमचे उत्पन्न लावून देत. दक्षिणेतील देवस्थानांना गंगाजलाच्या कावडी नेमाने जात. आपल्या शेजारचे अंबरनाथचे शिवालय शके ९८२ मधले, म्हणजे इ.स. १०६० चे. एवढे जुने दगडी काम ज्यांच्या नित्य दर्शनात आहे, त्यांना ठाऊक आहे की दगड टिकतो, पण गाभाऱ्यातील दिवा रोज कोणीतरी लावावा लागतो.

विधवांविषयी त्यांचे वर्तन तर डोळ्यांत पाणी आणणारे आहे. निपुत्रिक माणूस मेला की त्याची संपत्ती सरकारजमा करण्याची चाल पुष्कळ ठिकाणी होती. खरगोण येथील दोन धनिक भाऊ असेच निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवा महेश्वरी आल्या आणि सर्व धन त्यांनी बाईसाहेबांच्या पायाशी ठेवले. अहिल्यादेवींनी ते घेतले नाही. लोकांच्या उपयोगी पडेल असे काही तुम्हीच करा, असा सल्ला दिला. त्या दोघींनी खरगोणला कुंदा नदीवर घाट आणि गणपतीचे देऊळ बांधले. त्यांचे धन वाचले ही गोष्ट तर आहेच. पण रिकाम्या झालेल्या दोन घरांतील दोन बायकांना उद्या सकाळी उठून काय करायचे हे मिळाले. हे देणे ज्याला स्वतःला तसा दिवस काढावा लागला आहे त्यालाच सुचते.

स्तुतीचे त्यांना वावडे होते. एका विद्वानाने त्यांच्या गुणगानाचा ग्रंथ लिहून आणला. तो त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकण्यास सांगितले. विणकरांना महेश्वरी आणून वसविले, तेथील साड्या आजही प्रसिद्ध आहेत. भिल्लांशी कठोरपणा आणि समजूत या दोन्ही मार्गांनी वागून त्यांच्याकडेच वाटांचे रक्षण सोपविले. हा कारभार अधिक विस्ताराने सांगता येईल, पण आता जे सांगायचे आहे ते वेगळे आहे.

मुक्ताबाईचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. त्यांचा मुलगा नथ्याबा हा आजीचा जीव की प्राण. तो ऐन तारुण्यात वारला. त्यानंतर वर्षभरात, १७९१ साली, यशवंतरावही गेले. मुक्ताबाईने सती जाण्याचा निश्चय केला.

सदतीस वर्षांपूर्वी मल्हारराव जेथे उभे होते, तेथे आता अहिल्यादेवी उभ्या राहिल्या. त्यांनी मुलीला परोपरीने विनविले, तिच्यापुढे जमिनीवर लोळण घेतली. मुक्ताबाईचे उत्तर प्रेमाचे पण ठाम होते. आई म्हातारी झालेली, मुलगा आणि पती गेलेले. आईमागे हे आयुष्य आपल्याला पेलणार नाही, आणि मानाने जाण्याची वेळही तेव्हा टळून गेलेली असेल, असे तिचे म्हणणे. स्वतःच्या आयुष्याला जो अर्थ अहिल्यादेवींनी रोजच्या कामातून मिळविला, तो त्यांना पोटच्या मुलीला देता आला नाही. एवढ्या पुण्यवंत जीवनातही हे उणे राहिले, आणि ते लपविण्यात अर्थ नाही.

त्या मिरवणुकीबरोबर चालत गेल्या. चितेजवळ दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. ज्वाला उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला, हात सुटत नाहीत म्हणून त्यांनी ते हात चावले, आक्रोश केला. सारे संपल्यावर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या. तीन दिवस अन्न नाही, तोंडातून शब्द नाही.

चौथ्या दिवसापासून काय घडले, याचे वर्णन फार थोड्या शब्दांत आलेले आहे. सावरल्यावर त्यांनी गेलेल्यांच्या स्मरणार्थ एक सुंदर वास्तू उभारण्याचे काम हाती घेतले आणि त्या कामात त्यांना थोडे समाधान लाभले. वय सहासष्ट. पती, सासरा, मुलगा, नातू, जावई, मुलगी, सर्व गेले होते. यानंतर आणखी चार वर्षे त्या जगल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांचे देहावसान झाले.

महेश्वरच्या त्यांच्या वाड्यात लिंगार्चनाची प्रथा आजही चालू आहे. दररोज सकाळी काळ्या मातीची लहान लहान शिवलिंगे हाताने वळतात, प्रत्येकावर तांदळाचा एकेक दाणा ठेवतात, पूजा होते, आणि मग ती नर्मदेत सोडली जातात. दाणे माशांच्या मुखी लागतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती आणून लिंगे वळण्यास बसतात.