सूर्याचे डाग आणि रूबी पेन-स्कॉट

२६ जानेवारीला उजाडताना आम्ही परेड ग्राउंडवर असतो. १९४६ साली याच दिवशी, सूर्योदयाला, रूबी पेन-स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिडनीच्या समुद्रकड्यावरून रडारच्या अँटेनाने सूर्य टिपला. दीड मीटर लांबीच्या रेडिओलहरी थेट येत होत्या, तशाच पाण्यावरून परावर्तित होऊनही. दोन्ही ताडून कळले, की जोरदार लहरी सूर्यावरच्या डागांजवळून निघतात. ही युक्ती मला फार आवडली.

युद्धकाळात रूबी रडारवर काम करत. तेव्हा ऑस्ट्रेलियात विवाहित बाईला कायम सरकारी नोकरी नसे, म्हणून १९४४ मधले लग्न त्यांनी लपवले. ते उघड झाल्यावर कायमपद गेले. आमच्या वर्गातल्या मुलींना हे खरेच वाटेना. बाळंतपणाची रजाही नव्हती. १९५१ मध्ये रूबींनी संशोधन सोडले. पुढे त्या मुलींच्या शाळेत शिकवत. १९८१ मध्ये त्या वारल्या.