अंकाराने नाकारले, इस्लामाबादने उभारले : वेदात दालोकाय

इस्लामाबादच्या फैसल मशिदीचा फोटो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. मार्गल्ला डोंगराच्या पायथ्याशी पांढरीशुभ्र इमारत, चार सडपातळ मिनार, आणि घुमट नाहीच! पण तिचा आराखडा कुणी केला, असे विचारले तर फार थोडे जण नाव सांगतील. ते नाव आहे तुर्कस्तानचे वास्तुविशारद वेदात दालोकाय.

1927 साली पूर्व तुर्कस्तानात त्यांचा जन्म झाला. 1949 मध्ये इस्तंबूलच्या तांत्रिक विद्यापीठातून ते वास्तुशास्त्र शिकून बाहेर पडले. पुढे पॅरिसला जाऊन शहररचनेचाही अभ्यास केला.

1957 मध्ये राजधानी अंकारात मोठी मशीद बांधायचे ठरले. कोजातेपे मशिदीच्या या स्पर्धेत दालोकाय आणि त्यांचे सहकारी नेजात तेकेलिओलू यांचा आराखडा पहिला आला. जुन्या उस्मानी घुमटांची नक्कल त्यात नव्हती. काँक्रीटचे पातळ कवच आणि बारीक मिनार होते. काम सुरू झाले, पायाही भरला. पण ही कसली मशीद, अशी ओरड झाली. बांधकाम टिकेल का, अशी शंकाही काढली गेली. शेवटी तो पाया पाडून टाकला आणि त्या जागी जुन्या पद्धतीची मशीद बांधायला घेतली.

दुसरा कुणी असता तर खचला असता. दालोकाय यांनी आपला विचार सोडला नाही. 1969 मध्ये इस्लामाबादच्या मशिदीसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. 17 देशांतून 43 आराखडे आले आणि निवड झाली ती दालोकाय यांची. वाळवंटातल्या तंबूसारखे छत, आत मधे एकही खांब नाही. चार कोपऱ्यांवरचे मिनार असे, की पाहणाऱ्याने मनातल्या मनात काबाचा चौकोनी आकार पूर्ण करावा. सौदीचे शाह फैसल यांच्या मदतीमुळे मशिदीला त्यांचे नाव मिळाले. 1976 मध्ये काम सुरू झाले, 1986 मध्ये संपले. अंकाराची कोजातेपे मशीद त्यानंतर वर्षभराने, 1987 मध्ये पूर्ण झाली!

आणि गंमत पाहा. ज्या अंकाराने त्यांची मशीद नाकारली, त्याच शहराने 1973 मध्ये त्यांना महापौर म्हणून निवडून दिले. शहराभोवती गरिबांनी रातोरात उभ्या केलेल्या घरांच्या वस्त्या वाढत होत्या. परवडणाऱ्या घरांची नवी वसाहत शहराच्या पश्चिमेला व्हावी, म्हणून त्यांच्या काळात हालचाल सुरू झाली. पुढच्या महापौरांच्या काळात तीच बातिकेंत म्हणून उभी राहिली. 1977 पर्यंत ते पदावर होते.

लहानपणच्या आठवणींवर त्यांनी मुलांसाठी ‘कोलो’ नावाचे पुस्तकही लिहिले. मार्च 1991 मध्ये रस्ते अपघातात दालोकाय, त्यांची पत्नी आणि मुलगा असे तिघेही गेले.

आपल्याकडे मशीद बांधायची म्हटली की घुमट हवाच, असा आग्रह असतो. आम्हाला घुमटही प्रिय आहे. पण नमाजासाठी लागते ती पाक जागा, किब्ल्याची दिशा आणि सरळ सफ. बाकी सारे बांधणाऱ्याच्या अकलेवर सोडलेले आहे. आपल्या मोहल्ल्यातली एखादी मुलगी किंवा मुलगा उद्या वेगळा नकाशा घेऊन कमिटीसमोर आला, तर आधी तो नीट पाहावा. हसून परत पाठवू नये, एवढेच आमचे म्हणणे.