गस ग्रिसम आणि न उघडलेले दार

२०२५ सालच्या जून महिन्यात शुभांशु शुक्ला यांचे अंतराळ उड्डाण एकसारखे पुढे ढकलले जात होते. आधी हवामान आडवे आले, मग अग्निबाणाची जमिनीवर चाचणी घेताना द्रवरूप प्राणवायूची गळती सापडली, आणि ती बुजते न बुजते तोच अंतराळ स्थानकातल्या गळतीची बातमी आली. मुलुंडला आमच्या इमारतीखाली चहाची टपरी आहे. तिथे रोज संध्याकाळी या विषयावर थट्टा चाले. एकाचे म्हणणे असे की साधी गळती बंद करता येत नाही ते कसले अमेरिकन! मीही त्या हसण्यात सामील होतो, हे कबूल करतो.

त्याच आठवड्यात आपल्या ग्रंथालयात चाळता चाळता एका जुन्या पुस्तकात गस ग्रिसमची हकीकत वाचनात आली. मी कलाशाखेचा, इतिहासाचा विद्यार्थी. यंत्रातले मला फारसे कळत नाही. पण पुस्तक घरी नेले आणि दोन रात्री जागून पुरे केले. त्यानंतर मिळेल तिथून त्याच्याविषयी वाचत गेलो. त्यातून मला जो माणूस दिसला त्याची ही ओळख.

त्याचे पूर्ण नाव व्हर्जिल इव्हान ग्रिसम. जन्म ३ एप्रिल १९२६ रोजी, अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या मिचेल नावाच्या लहानशा गावी. वडील रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. पोरगा उंचीने बेताचा, म्हणून शाळेच्या बास्केटबॉल संघात त्याला जागा मिळाली नाही. सकाळ-संध्याकाळ घरोघर वर्तमानपत्रे टाकावीत, हंगामात फळबागांत पीच आणि चेरी तोडायला जावे, असे त्याचे बालपण गेले. शाळा संपली ती महायुद्धाच्या धामधुमीत. विमान चालवायचे म्हणून सैन्यात नाव घातले, पण वाट्याला आली कारकुनी. १९४५ च्या जुलैत त्याने शाळेतली मैत्रीण बेटी मूर हिच्याशी लग्न केले. युद्ध संपले, सैन्यातून सुटका झाली, आणि हा भावी अंतराळवीर शाळेच्या बसगाड्यांना दारे बसवण्याच्या कारखान्यात कामाला लागला.

या दारांचा मला पुढे फार विचार पडला, पण ते ओघाने येईलच.

सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी मदत मिळे. तिच्या आधाराने तो पर्ड्यू विद्यापीठात यांत्रिक अभियांत्रिकी शिकायला गेला. मदत पुरेशी नव्हती. बेटी टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करी, आणि तो कॉलेज सुटल्यावर एका खाणावळीत हॅम्बर्गर भाजत उभा राही. १९५० साली पदवी मिळाली. आपल्या कॉलेजातही सकाळी तास आणि दुपारनंतर दुकानात वा कुरियरच्या कचेरीत काम करणारे कितीतरी जण आहेत. घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, त्यामुळे ग्रिसमच्या आयुष्यातले हे पान मी पुन्हा पुन्हा वाचले. पुस्तकात ते पान-दीड पानात उरकले आहे. मला वाटते ते आणखी मोठे हवे होते.

पदवीनंतर तो पुन्हा हवाई दलात शिरला, आणि या वेळी वैमानिक झाला. कोरियाच्या युद्धात त्याने सेबर जातीच्या लढाऊ विमानातून १०० मोहिमा केल्या. तिथे वैमानिकांना धावपट्टीकडे नेणाऱ्या बसमध्ये एक रीत होती. शत्रूच्या मिग विमानाने ज्याच्यावर अजून गोळी झाडलेली नाही त्याने बसायचे नाही, उभ्याने जायचे. ग्रिसम एकदाच उभा राहिला, असे सांगतात. परतल्यावर तो परीक्षक वैमानिक झाला, म्हणजे नवे विमान प्रथम आपण उडवून त्याचे दोष काढायचे, हा त्याचा पेशा झाला. १९५९ च्या एप्रिलात अमेरिकेने आपले पहिले सात अंतराळवीर जाहीर केले, त्यांत तो होता. वैद्यकीय तपासणीत त्याला परागकणांमुळे शिंका येण्याचा विकार निघाला होता. अंतराळात फुलांचे पराग नसतात, असा बिनतोड युक्तिवाद करून त्याने ती अडचण दूर केली.

२१ जुलै १९६१ रोजी तो 'लिबर्टी बेल ७' या कुपीतून सव्वा पंधरा मिनिटांहून थोडे अधिक उडून अटलांटिक महासागरात उतरला. अंतराळात गेलेला तो दुसरा अमेरिकन. सारे सुरळीत पार पडले होते. तो पाण्यावर तरंगत हेलिकॉप्टरची वाट पाहत होता, आणि कुपीचे दार अचानक स्फोट होऊन उडाले. हे दार आणीबाणीत झटकन उडावे म्हणून त्याला स्फोटक खिळे बसवलेले होते. पाणी आत घुसले, ग्रिसम बाहेर पडला, पण पोशाखाची एक झडप उघडी राहिल्याने त्यातही पाणी भरू लागले. मित्रांना भेट द्यायला म्हणून दहा सेंटांच्या नाण्यांच्या दोन गुंडाळ्या त्याने बरोबर घेतल्या होत्या, त्यांचे ओझे वेगळेच. हेलिकॉप्टरने आधी कुपी उचलण्याचा प्रयत्न केला. ती फार जड झाली म्हणून सोडून द्यावी लागली, आणि ती समुद्रतळाशी गेली. ग्रिसम बुडता बुडता वाचला.

चौकशीत त्याला निर्दोष ठरवले. तरी लोक कुजबुजतच राहिले की घाबरून यानेच खटका दाबला असणार. पुढच्या वर्षी वॉली शिरा या अंतराळवीराने आपले उड्डाण संपल्यावर मुद्दाम हाताने ते दार उडवले, तेव्हा खटक्याच्या धक्क्याने त्याचा हात दुखावला. ग्रिसमच्या हाताला तर तशी इजा झालीच नव्हती. जाणत्यांना एवढे पुरे होते. कुजबुजणाऱ्यांना कुठलाच पुरावा पुरा पडत नाही.

ग्रिसमने यावर भांडण केले नाही, काम केले. पुढच्या जेमिनी यानाच्या बांधणीत तो इतका गुंतला की त्याची बैठक त्याच्याच मापाची झाली, आणि नंतर उंच गड्यांना त्यात बसता येईना! २३ मार्च १९६५ रोजी जॉन यंगला बरोबर घेऊन त्याने या यानाचे पहिले मानवी उड्डाण केले. पहिल्या सात अंतराळवीरांत दोनदा अंतराळात जाणारा तो पहिला ठरला. यानाला त्याने 'मॉली ब्राउन' हे नाव दिले. न बुडणारी बाई म्हणून गाजलेल्या एका नाटकातली ही नायिका. बुडालेल्या कुपीवरून झालेल्या टिंगलीला त्याने दिलेले उत्तर ते एवढेच.

मग आले अपोलो. चंद्राकडे नेणाऱ्या या यानाच्या पहिल्या मानवी उड्डाणाचा प्रमुख म्हणून ग्रिसमची निवड झाली. सोबत एड व्हाइट, अंतराळात यानाबाहेर पडलेला पहिला अमेरिकन, आणि रॉजर चॅफी, ३१ वर्षांचा, एकदाही वर न गेलेला. उड्डाण १९६६ च्या अखेरीस व्हायचे होते. पण कारखान्यातून यान आले तेव्हा ठरलेल्या बदलांपैकी ११३ महत्त्वाचे बदल राहिलेले होते, आणि आल्यावर आणखी ६२३ बदलांचे हुकूम निघाले. शीतकरणाच्या नळ्या गळत होत्या. सरावाचे यंत्र आणि खरे यान यांचा मेळ बसत नव्हता. तारीख सरकत सरकत २१ फेब्रुवारी १९६७ वर आली.

जानेवारीत ग्रिसम थोड्या वेळासाठी घरी आला होता. जाताना अंगणातल्या झाडाचे एक लिंबू तोडून त्याने बरोबर नेले, आणि सरावाच्या यंत्रावर टांगले. हे वाचताना मी फसलो. आपल्याकडे रिक्षाला, दुकानाला शनिवारी लिंबू-मिरची बांधतात, तसेच काहीतरी दृष्ट लागू नये म्हणून असेल अशी माझी समजूत झाली. खुलासा पुढे मिळाला. अमेरिकेत सदोष निघालेल्या, गळ्यात मारलेल्या मालाला लिंबू म्हणतात. म्हणजे परीक्षक वैमानिकाने दिलेला तो निकालच होता. यंत्रावर तो टांगलेला दिसत होता, तरी वेळापत्रक चालूच राहिले.

२७ जानेवारी १९६७, शुक्रवार. केप केनेडीच्या ३४ क्रमांकाच्या तळावर उड्डाणाची रंगीत तालीम होती. अग्निबाणात इंधन नव्हते, म्हणून ही चाचणी धोक्याच्या यादीतच धरलेली नव्हती. दुपारी एकच्या सुमारास तिघे आत बसले. ग्रिसमला पोशाखातल्या हवेला आंबट ताकासारखा वास आला, त्यासाठी उलटी गणती तासाहून अधिक थांबली. मग दार बंद करून आत निव्वळ प्राणवायू भरला, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने. त्यानंतर बोलण्याच्या तारा नीट चालेनात, पुन्हा गणती थांबली. दोन-तीन इमारतींमध्ये बोलता येत नसेल तर चंद्रावर कसे जाणार, अशा अर्थाचा त्रागा ग्रिसमने केला.

आपण सर्वांनी शाळेत प्रयोग केला आहे. विझत आलेली काडी प्राणवायूच्या नळीत धरली की भपकन पेटते. एवढी छोटी गोष्ट तिथल्या थोर थोर इंजिनियरांना ठाऊक नव्हती काय? होतीच. पण एकाच वायूची व्यवस्था हलकी आणि सोपी पडते, आणि आधीच्या सगळ्या उड्डाणांत ती बिनघोर चालली होती. अंतराळात हा वायू कमी दाबाचा असतो. जमिनीवर तो तिप्पट दाबाने भरलेला होता, आणि कुपीत नायलॉनच्या जाळ्या व चिकटपट्ट्या जागोजागी लावलेल्या होत्या. त्या काढायच्या, असे ठरलेही होते.

संध्याकाळी ६ वाजून ३१ मिनिटांनी आतून आग लागल्याचा आवाज आला. १७ सेकंदांत सारे शांत झाले. दार तीन थरांचे होते. त्यातला आतला थर आत ओढून उघडायचा, आणि त्याला निदान ९० सेकंद लागत. आगीने आतला दाब वाढला, मग तर ते कोणाच्याच बळाने उघडले नसते. नेमून दिल्याप्रमाणे दार उघडायचे काम व्हाइटचे, त्याला मदत ग्रिसमने करायची, आणि चॅफीने जागेवर राहून संपर्क ठेवायचा. बाहेरच्या कामगारांनी धुरात गुदमरत दार काढले तेव्हा पाच मिनिटे गेली होती. तिघांचा प्राण विषारी वायूने गेला. ग्रिसम ४० वर्षांचा होता.

ज्याच्यावर दार उघडल्याचा आळ आला, तो न उघडणाऱ्या दारामागे गेला. अपोलोचे दार असे ठेवण्यामागे ते आपोआप उडू नये ही भीतीही होतीच.

चौकशी समितीने यानाचा स्क्रू न् स्क्रू वेगळा केला. ठिणगी नेमकी कुठे पडली हे निश्चित ठरले नाही. पण डाव्या बाजूला खाली, एका छोट्या झडपेजवळून जाणारी तार, झडपेच्या उघडझापीने तिचे आवरण घासून गेले असावे, असा संशय व्यक्त झाला. माझे बाबा वायरमन आहेत, घाटकोपर-विक्रोळीकडच्या इमारतींत फिटिंगची कामे करतात. त्यांना मी ही हकीकत वाचून दाखवली. चंद्राबिंद्राविषयी ते काही बोलले नाहीत. तार झडपेजवळून का नेली, एवढेच त्यांनी दोनदा विचारले. पाळणाघराच्या एका कामात दरवाज्याच्या कडेने वायर न्यायला त्यांनी नकार दिला होता आणि मालकाने ते काम दुसऱ्याला दिले, ते मला तेव्हा आठवले. त्या महिन्यात घरात कुरकुर करणाऱ्यांत मी होतो.

अमेरिकेची मानवी उड्डाणे वीस महिने थांबली. दार नवे झाले, बाहेर उघडणारे, काही सेकंदांत सुटणारे. जमिनीवर असताना निव्वळ प्राणवायूऐवजी त्यात नायट्रोजन मिसळू लागले. पेटणाऱ्या वस्तू काढल्या, पोशाख न जळणाऱ्या कापडाचे केले. १९६७ च्या एप्रिलात रशियाचा कोमारोव्ह सोयुझ यानाच्या पहिल्या उड्डाणात छत्री नीट न उघडल्याने मरण पावला, म्हणजे त्या वर्षी दोन्ही महासत्ता जमिनीवरच बसल्या. आणखी एक गोष्ट वाचून मी सुन्न झालो. रशियाचा बोंदारेंको नावाचा २४ वर्षांचा तरुण १९६१ च्या मार्चमध्ये अशाच प्राणवायूने भरलेल्या कोठडीत भाजून मेला होता. ती बातमी १९८६ पर्यंत दडवून ठेवली गेली. कळली असती तर ग्रिसम वाचला असता की नाही कोण जाणे, पण कोणीतरी त्या नायलॉनच्या जाळ्यांकडे दुसऱ्यांदा पाहिले असते.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी अपोलो ७ उडाले, त्याच ३४ क्रमांकाच्या तळावरून. आत बसलेले तिघे ग्रिसमच्या चमूचे राखीव गडी होते, आणि त्यांचा प्रमुख तोच वॉली शिरा. पुढच्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला. ग्रिसम जगला असता तर पहिले पाऊल त्याचे पडले असते, असे अंतराळवीरांची निवड करणाऱ्या डेक स्लेटनने पुढे लिहून ठेवले. बेटीने यान बांधणाऱ्या कंपनीवर दावा लावला आणि १९७२ साली साडेतीन लाख डॉलर भरपाई मिळवली. तिच्यावर टीकाही झाली. मला तिचे काही चुकले असे वाटत नाही. खाणावळीच्या दिवसांत त्याच्या शिक्षणाचा अर्धा भार तिनेच उचलला होता.

आपले गगनयान २०१८ च्या स्वातंत्र्यदिनी जाहीर झाले, तेव्हा २०२२ चा वायदा होता. तो पुढे गेला. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याला त्याच्या सुटकेच्या यंत्रणेची चाचणी होती. उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकाने गणती थांबवली. दोष शोधून त्याच सकाळी दहा वाजता ती यशस्वी केली. तेव्हा मी शाळेत होतो आणि पाच सेकंदांवर थांबल्याचे हसू आले होते. शुभांशु शुक्ला अखेर २५ जून २०२५ ला वर गेले. टपरीवर त्या दिवशी पेढे वाटले.

बुडालेली 'लिबर्टी बेल ७' १९९९ साली समुद्राच्या तळातून, जवळजवळ पाच किलोमीटर खोलीवरून वर काढली. तिच्यात दहा सेंटांची काही नाणी सापडली. अपोलोची जळकी कुपी मात्र लोकांना दाखवत नाहीत. तिचे तेवढे दार, तीनही थर सुटे करून, दुर्घटनेला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, २७ जानेवारी २०१७ ला, फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्राच्या प्रदर्शनात ठेवले. शेजारी नवे दारही आहे, बाहेर उघडणारे.