झोल्तान कोदाय : तालाला बोल देणारे संगीतकार

हंगेरीतील केच्केमेत या गावी १६ डिसेंबर १८८२ रोजी झोल्तान कोदाय यांचा जन्म झाला. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते. आज स्लोव्हाकियात असलेल्या त्र्नावा शहरी शिकत असताना कोदाय तेथील कॅथीड्रलच्या गायकवृंदात गात असत. १९०५ पासून त्यांनी खेडोपाडी हिंडून लोकगीते गोळा केली. या कार्यात बेला बार्तोक त्यांचे सोबती होते. १९२३ साली ५५व्या स्तोत्रावर आधारित ‘साल्मुस हुंगारिकुस’ या रचनेने त्यांना मोठी कीर्ती लाभली.

अशा नामवंत संगीतकाराने मुलांच्या मुळाक्षरांत का लक्ष घालावे? शाळांमधून मुलांच्या ओठी सुमार गाणी बसवली जात होती, हे पाहून ते अस्वस्थ झाले. १९२५ पासून त्यांनी बालगायकवृंदांसाठी गीते रचली आणि प्रत्येक मुलाला स्वरलिपी वाचता आली पाहिजे, असा ध्यास घेतला.

स्वरलिपी शिकणाऱ्याला स्वरापेक्षा ताल अधिक छळतो, हे आपल्या गायकवृंदांतील मंडळींना सांगायला नकोच! यावर कोदाय व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समधील शेव्हे यांच्या जुन्या पद्धतीतून तालाचे बोल घेतले. एक मात्रा म्हणजे ‘ता’, तिचे दोन समान भाग म्हणजे ‘ती-ती’, चार भाग म्हणजे ‘तिरि-तिरि’. आपल्याकडे तबल्याचा विद्यार्थी आधी बोल तोंडाने म्हणतो, तसेच काहीसे हे आहे. आघात जागेवरून सरकतो तेथे भलेभले अडखळतात. त्या ‘ती-ता-ती’ची ओळख मुलांना लोकगीतातून आधीच झालेली असते. मूल प्रथम ते गीत कानाने ऐकून गाते, मग त्याचा ताल टाळीने वाजवते, नंतर बोल म्हणते आणि शेवटी फळ्यावरचे चिन्ह पाहते. कागदावर दिसते ते अनोळखी उरत नाही. याच्याही पुढची पायरी म्हणजे तोंडाने एक ओळ गात हाताने दुसरीचा ताल धरणे. हे मात्र मोठ्यांनाही घाम फोडते. सा-रे-ग-म सारखी स्वरनामे त्यांनी घेतली ती बेनेडिक्टाइन मठवासी आरेत्झोचे ग्विदो यांच्या परंपरेतून.

१९४५च्या फेब्रुवारीत बुडापेस्टला वेढा पडलेला असताना त्यांची ‘मिस्सा ब्रेव्हिस’ ऑपेरागृहाच्या कोट ठेवण्याच्या दालनात प्रथम गायली गेली. पुढे १९५० साली त्यांच्याच जन्मगावी दररोज संगीत शिकवणारी पहिली प्राथमिक शाळा सुरू झाली. ६ मार्च १९६७ रोजी बुडापेस्ट येथे कोदाय यांचे निधन झाले, तोवर देशभर अशा अनेक शाळांतून मुले ‘ता, ती-ती’ म्हणत होती.